अक्षर मोठं, डोळ्यांना आराम

वसमत असो की सेनगाव, शाळेतल्या एकाच संगणकाभोवती चार-पाच मुलं बसली, की मागच्याला ‘कि’ आणि ‘की’ सारखेच दिसतात. अशा वेळी रिझोल्यूशन कमी करू नका, अक्षरं धूसर होतात. विंडोज ११ असेल तर सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’, मग ‘टेक्स्ट साइझ’ उघडा. तिथं अक्षर १०० पासून २२५ टक्क्यांपर्यंत वाढतं. हा बदल त्या-त्या खात्यापुरताच राहतो. म्हणून गुरुजी, प्रत्येक वर्गाचं खातं वेगळं ठेवा. ब्राउझरमधलं पान तेवढं मोठं करायचं, तर कंट्रोल आणि अधिकचं बटण दाबा. तास संपला, की कंट्रोल आणि शून्य. पान पुन्हा पूर्ववत!