काढला तरी परत येतो, तो कुठून?

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या रविवारच्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात झालेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं आटोपशीर केलं आहे.)



मला विषय दिलाय 'कॉम्प्युटरचे आजार आणि उपाय'. एवढा विषय पाऊण तासात मावायचा नाही. म्हणून मी एकाच आजाराबद्दल बोलणार आहे. गेल्या चार महिन्यांत आपल्या सोसायटीतल्या पाच घरांतून मला जवळजवळ सारख्याच शब्दांत विचारणा झाली. "अँटीव्हायरस म्हणतो ट्रोजन सापडला, काढून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच." एका घरात तर दोनदा फॉरमॅट मारून झालं होतं, दर खेपेला पाचशे रुपये देऊन. त्या घरच्या काका-काकूंची परवानगी घेऊन मी त्यांचीच हकिकत सांगणार आहे. विंग कुठली हे कृपया विचारू नका.

ट्रोजन हे नाव ट्रॉयच्या लाकडी घोड्यावरून आलं. शत्रूने तो वेशीबाहेर ठेवला, शहरातल्या लोकांनी आपल्याच हाताने ओढत आत नेला आणि रात्री त्याच्या पोटातून सैनिक बाहेर पडले. यातलं 'आपल्याच हाताने' महत्त्वाचं. ट्रोजन दार फोडत नाही, आपण त्याच्यासाठी दार उघडतो. पुस्तकी व्याख्येप्रमाणे तो स्वतःहून पसरत नाही. जो स्वतःच्या प्रती काढत पसरतो त्याला वर्म म्हणतात. आपल्याकडे जे आलं होतं ते मिश्रण होतं, म्हणजे वर्मसारखं पेनड्राइव्हवरून फिरायचं आणि आत शिरलं की ट्रोजनचं काम करायचं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे पाहिलं असेल. पेनड्राइव्ह लावला की त्यातले फोल्डर जाऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसतात, चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण असलेले. त्यावर क्लिक केलं की फोल्डर उघडतोसुद्धा, आणि म्हणूनच कोणाला शंका येत नाही. फोल्डर उघडतानाच मागे एक छोटी स्क्रिप्ट चालू झालेली असते. ती चालवणारा प्रोग्राम विंडोजचाच, डब्ल्यूस्क्रिप्ट नावाचा. स्क्रिप्ट स्वतःची एक प्रत कॉम्प्युटरच्या आतल्या फोल्डरात ठेवते, दुसरी स्टार्टअपमध्ये ठेवते, रजिस्ट्रीत नोंद करते आणि मग वाट बघत बसते. नवा पेनड्राइव्ह लागला की काही सेकंदांत त्यातही उतरते. मधल्या वेळात इंटरनेटवरून आपल्या मालकाशी बोलते. मालक सांगेल ते करते, त्यात आणखी काहीतरी उतरवून घेणंही आलं. जेनक्सस नावाचं असलंच एक कुटुंब जगभर इतकं पसरलं होतं की जून २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतल्या कोर्टाचा आदेश मिळवून त्याचा हा संपर्कच तोडायचा प्रयत्न केला.

आता तो परत का येतो? छतावरचा डाग रंगवून गळती थांबत नाही, हे आपल्या सोसायटीला तरी मी सांगायला नको. (हशा) अँटीव्हायरस डाग पुसतो. म्हणजे फाइल काढतो. पण स्क्रिप्ट मेमरीत चालूच असेल तर ती फाइल पुन्हा लिहिते. चालणारी स्क्रिप्ट थांबवली पण स्टार्टअपमधली नोंद राहिली, तर पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू करताना पुन्हा हजर. दोन्ही काढलं आणि टेबलाच्या खणातला पेनड्राइव्ह तसाच राहिला, तर आठ दिवसांनी पुन्हा. म्हणून माझा आग्रह असतो, आधी तो कुठून येतोय ते शोधायचं, मग काढायला घ्यायचं.

काकांच्या घरी गेले तेव्हा मी कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी वायफाय बंद करायला सांगितलं. मग काकूंच्या मोबाइलवरून पासवर्ड बदलले. आधी ई-मेलचा, कारण बाकी बहुतेक पासवर्ड नव्याने मागवायची वाट ई-मेलमधूनच जाते. त्यानंतर नेटबँकिंगचा. काका रोज सकाळी त्याच कॉम्प्युटरवर पेन्शनचं खातं बघत होते. ट्रोजन आहे हे दोन महिने माहीत असूनसुद्धा! कीबोर्डवर आपण जे टाइप करतो ते टिपून बाहेर पाठवणारे ट्रोजन असतात. अशा मशीनवर बसून नवा पासवर्ड ठेवणं म्हणजे चोराच्या समोर तिजोरीचं नवं कुलूप लावणं. नशिबाने खातं शाबूत होतं. तसं नसतं तर पहिला फोन मला नाही, १९३० या सरकारी हेल्पलाइनला करायचा, ताबडतोब. पैसे पुढे कुठे गेले ते थांबवायला तास-दोन तासही मोलाचे असतात.

दुसरा प्रश्न फोटोंचा होता. तंत्रज्ञ म्हणाला होता, डी ड्राइव्हसुद्धा पुसावा लागेल, त्यातले फोटो असेही गेलेच आहेत. त्या ड्राइव्हवर पंधरा-सोळा वर्षांचे फोटो. मुलीचं लग्न, नातवाचं बारसं, काकूंच्या आईचे शेवटचे दिवस. शिवाय आपल्या इमारतीचा पाया खणतानाचे आणि पहिल्या गणपतीचे फोटो काकांनी स्कॅन करून ठेवलेले, जे या स्मरणिकेसाठी कमिटीने मागितले होते. काकू म्हणाल्या, "कॉम्प्युटर भंगारात घाला, पण ते पुसू देणार नाही."

मी ड्राइव्ह उघडला. आत तीन शॉर्टकट, बाकी काही नाही. मग प्रॉपर्टीज बघितल्या. भरलेली जागा ६२ जीबी. रिकाम्या ड्राइव्हमध्ये ६२ जीबी कसली भरणार? फोटो गेलेलेच नव्हते, त्यांच्यावर 'लपवलेली' आणि 'सिस्टिमची' अशा दोन खुणा मारून ठेवल्या होत्या. फोल्डरच्या पर्यायांत जाऊन लपवलेल्या फाइल दाखवायला सांगायचं, आणि संरक्षित सिस्टिम फाइल लपवण्याची बरोबरची खूणही काढायची. दुसरी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तेवढं केल्यावर सगळे फोल्डर फिकट रंगात पुढे आले. काकूंनी काही बोलायच्या आधी पायाच्या खड्ड्याचा फोटो उघडायला सांगितला. खड्ड्याशेजारी आपले आत्ताचे अध्यक्ष उभे आहेत, केसांसह. (हशा) तो फोटो याच अंकात आहे.

मग शोध. दोनदा फॉरमॅट मारूनही तो आला कुठून? तीन वाटा सापडल्या. पहिली, फॉरमॅट फक्त सी ड्राइव्हचं झालं होतं. डी ड्राइव्हवरचे शॉर्टकट आणि स्क्रिप्ट तशीच होती, काकांनी फोटो बघायला क्लिक केलं की पुन्हा सुरुवात. दुसरी वाट पेनड्राइव्हची. तो प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात जाऊन यायचा, आणि तोच स्मरणिकेचे फोटो गोळा करत आपल्या घराघरांतून फिरला होता. मी म्हटलं ना, पाच घरं. प्रसाद वाटल्यासारखा वाटला गेला.

तिसऱ्या वाटेचा मला खरा राग आला. तंत्रज्ञाने फॉरमॅटनंतर जे विंडोज घातलं ते चोरीचं होतं. ते चालावं म्हणून त्याने 'अ‍ॅक्टिव्हेटर' घातला, आणि अँटीव्हायरसने अ‍ॅक्टिव्हेटर पकडू नये म्हणून डिफेंडरच्या 'वगळा' यादीत अख्खा सी ड्राइव्ह टाकून ठेवला. रखवालदाराला सांगून ठेवलं की या गेटकडे बघायचं नाही. आणि गंमत अशी की त्या ब्रँडेड कॉम्प्युटरबरोबर विंडोज अधिकृत आलेलं होतं. काकांनी त्याचे पैसे खरेदीच्या वेळीच भरले होते. विंडोज ८ पासून अशा मशीनची किल्ली बहुधा मदरबोर्डवरच साठवलेली असते. तीच आवृत्ती घातली की ती आपोआप ओळखली जाते.

एवढं कळल्यावर साफसफाईला फार वेळ लागला नाही. वगळा यादी रिकामी केली. मग डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन लावलं. यात कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज उठायच्या आत तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं. चोर झोपलेला असताना घर तपासायचं, असं समजा. त्यानंतर स्टार्टअप आणि टास्क शेड्युलरमधल्या नोंदी बघितल्या. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स नावाचं मोफत साधन आहे. पण ते यादी दाखवतं, निर्णय देत नाही. ओळखीची वाटली नाही म्हणून नोंद उडवत सुटलात तर प्रिंटर बंद पडेल.

आणि हे सगळं करून मी शेवटी तिसऱ्यांदा फॉरमॅट केलंच. काका जरा नाराज झाले. पण अ‍ॅक्टिव्हेटर चाललेल्या मशीनवर काय काय बदललं गेलंय याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि ज्यावर पेन्शनचं खातं उघडायचं त्याबाबत 'बहुतेक साफ आहे' मला चालत नाही. या वेळी आधी फोटो आणि कागदपत्रं तेवढी बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतली, प्रोग्राम एकही नाही. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर उतरवून कोऱ्या पेनड्राइव्हवर घेतलं. सी, डी सगळे भाग पुसले. नवं विंडोज अपडेट झाल्यावर हार्डडिस्क तपासून मगच फोटो परत.

काही ट्रोजन याहून खोल बसतात. फेब्रुवारी २०१० मध्ये विंडोजचं एक सुरक्षा अपडेट घातल्यावर बरेच कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले. लोकांनी अपडेटला शिव्या घातल्या. नंतर कळलं की त्या मशीनमध्ये अल्युरॉन नावाचा रूटकिट आधीपासून दडून होता आणि अपडेटमुळे त्याचे हिशेब चुकले होते. कधीकधी दोष कॉम्प्युटरमध्ये नसतोही. डीएनएसचेंजर नावाचा ट्रोजन राउटरच्या सेटिंगमध्येही शिरायचा, म्हणजे लोक टाइप करायचे एक आणि उघडायचं भलतंच. अमेरिकेच्या एफबीआयने नोव्हेंबर २०११ मध्ये ती टोळी पकडली. आपल्या पाच घरांतल्या एका घरी राउटरचा पासवर्ड अजून कंपनीने दिलेलाच होता. बदलला.

एक विनंती. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ३७ व्हायरस आहेत, या नंबरवर फोन करा' असं पान उघडलं तर फोन करायचा नाही, पान बंद करायचं. बंद होत नसेल तर कॉम्प्युटर बंद करा. एकावर एक दोन अँटीव्हायरसही घालू नका, ते एकमेकांशीच भांडत बसतात. मदत हवी तर सर्ट-इनचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७ पासून. तिथे मोफत साधनं मिळतात, त्यांतलं एक आपल्या पुण्याच्या क्विक हीलचं आहे. आणि विंडोज १० वाल्यांनो, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा पाठिंबा संपला, तेव्हा पुढची सोय आताच बघा.

(प्रश्नोत्तरांतून)

"मोबाइलला हे होतं का?" होतं, रूप वेगळं. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल येते. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, तिला इन्स्टॉल करावं लागत नाही. ओळखीच्या नंबरावरून आली तरी आधी फोन करून विचारा, त्यांचाच मोबाइल गेलेला असू शकतो.

"फोटोंमधून ट्रोजन येतो का?" साध्या फोटोंमधून जवळजवळ नाहीच. पण नावात फोटो आणि शेवटी ईएक्सई असलेली फाइल फोटो नसते. विंडोज शेवटची अक्षरं लपवतं, ती दाखवायचा पर्याय चालू ठेवा.

"स्मरणिकेसाठी दिलेल्या पेनड्राइव्हचं काय?" ते अकरा पेनड्राइव्ह सध्या माझ्याकडे एका पाकिटात आहेत, चारांमध्ये स्क्रिप्ट सापडली. येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा सोसायटीच्या ऑफिसात बसते आहे. आपापला घेऊन जा, आणि घरचे बाकीचेही घेऊन या, खणातले, किचेनला लावलेले, मुलांच्या दप्तरातले.