कॉम्रेड सॅम नुजोमा : रेल्वेचा सफाई कामगार



नामिबियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष आपल्याच खात्यातले. १९४९ साली सॅम नुजोमा विंडहूकला रेल्वेत सफाई कामगार म्हणून लागले. दिवसा नोकरी, रात्री शाळा. १९५७ मध्ये नोकरी सुटली. १९६० मध्ये देश सोडावा लागला, आणि त्याच वर्षी ‘स्वापो’चे अध्यक्षपद खांद्यावर आले. डिसेंबर १९७१ मध्ये कंत्राटी कामगारांनी खाणी बंद पाडल्या, तेव्हा ते परदेशातच होते. तो संप कामगारांनी स्वतः उभा केला, हे आम्ही मुद्दाम सांगतो. १९८६ साली भारताने दिल्लीतील ‘स्वापो’ कार्यालयाला दूतावासाचा दर्जा दिला.

२१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला. पुढे त्यांच्यासाठी राज्यघटना बदलून तिसरी मुदत दिली गेली. आम्हाला ते पटले नाही. खुर्ची सुटत नाही, हा रोग आमच्या युनियनांनाही ठाऊक आहे! २००५ साली ते राष्ट्राध्यक्षपदावरून उतरले. पक्षाचे अध्यक्षपद सोडायला २००७ उजाडले.