फुगलेले पाच डबे

आज मी तुम्हाला एका जुन्या संगणकाची गोष्ट सांगणार आहे. मी इंजिनिअर नाही. पुण्यात कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस आहे. 2005 साली आमची मुलगी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. पत्नीला भिशी लागली होती. ते सात हजार रुपये तिनं माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, "अहो, थोडे हप्ते भरू, पण नवाच घेऊ." मी ऐकलं नाही. सेकंडहँड संगणक घेऊन आलो. शहाणपणा सगळा माझा!

दोन महिने यंत्र छान चाललं. मग मध्येच थिजू लागलं, आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागलं. एके दिवशी पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला. दुकानदार म्हणाला, "मदरबोर्ड गेला. या जातीचा आता मिळत नाही. टाकून द्या." मुलीचा प्रकल्प सादर करायला तीन आठवडे उरले होते. पत्नी एक शब्द बोलली नाही. ते न बोलणंच मला जास्त लागलं.

रात्री मी डबा उघडला. प्रोसेसरच्या शेजारी बोटाच्या पेराएवढे गोल डबे ओळीनं उभे होते. काहींची डोकी सपाट होती, पण पाचांची टम्म फुगलेली. एकाच्या डोक्यावर तपकिरी खपली धरली होती. दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. तिथं जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेले एक काका बसत. बोर्ड पाहताच ते म्हणाले, "बोर्ड कुठं गेलाय? कपॅसिटर गेलेत."

त्यांनी समजावलं ते असं. संगणकाला बारा व्होल्ट मिळतात, पण त्या वेळच्या प्रोसेसरला दीड व्होल्टच्या आसपास लागत. हा उतार करताना विजेत जे हेलकावे येतात, ते हे कपॅसिटर शोषून घेतात. त्यांच्या आत एक द्रव असतो. 2000 सालाच्या आगेमागे बनलेल्या बऱ्याच कपॅसिटरांमध्ये तो सदोष होता. आत वायू तयार होई, डोकं फुगे आणि कपॅसिटर निकामी होई. जगभरातले असंख्य संगणक त्या काळात याच दुखण्यानं बंद पडले.

काकांनी पाच नवे कपॅसिटर काढून दिले. मायक्रोफॅरडचा आकडा तोच, व्होल्ट जुन्यापेक्षा कमी नाहीत, आणि उष्णता सोसण्याची मर्यादा 105 अंश. एकाची किंमत दहा रुपये! "पण आधी भंगारातल्या बोर्डावर वीस काढा, वीस बसवा," त्यांनी बजावलं.

मी पुन्हा शहाणपणा केला. पन्नास रुपयांचं काम, त्याला सराव कसला? घरी येऊन सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि पहिलाच कपॅसिटर पकडीनं ओढला. तो निघाला, पण छिद्रातलं तांब्याचं नाजूक अस्तर घेऊनच निघाला. माझ्या पोटात गोळा आला. आतापर्यंत संगणक बिघडलेला होता, आता तो मी बिघडवला होता.

काकांकडे मान खाली घालून गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि विचारलं, "हे यंत्रानं केलं की तुम्ही?" "मी," म्हणालो. ते हसले. पाचही कपॅसिटर एकमेकांना समांतर जोडलेले होते. म्हणून तुटलेल्या जागेचा पाय बारीक तारेनं शेजारच्या कपॅसिटरच्या त्याच पायाला जोडायचा, असा मार्ग त्यांनी दाखवला. वर भंगारातला एक बोर्डही दिला.

चार रात्री मी त्या भंगारावर हात बसवला. बोर्डाच्या पोटात तांब्याचे थर असतात, ते उष्णता ओढून घेतात. म्हणून जुन्या टाक्यावर आधी थोडं नवं सोल्डर द्यायचं. शिसे आणि कथील यांचं ते मिश्रण 183 अंशांच्या सुमाराला वितळतं. मग एक पाय तापवून किंचित कलवायचा, मग दुसरा. ओढायचं नाही, तो सुटेपर्यंत थांबायचं. कपॅसिटरवरचा पट्टा ऋण बाजू दाखवतो. तो कुणीकडे होता, हे काढण्याआधीच कागदावर लिहून ठेवायचं. उलटा बसला तर फुटू शकतो.

पाचव्या रात्री पाचही बसवले. बटण दाबायला मुलीला बोलावलं. पंखा फिरला, एक बीप ऐकू आला आणि पडद्यावर अक्षरं उमटली. पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, "झाला का? मग जेवायला या." एवढंच. पण दोन आठवड्यांनी ती पहिल्यांदा हसली होती.

तो संगणक पुढं 2010 पर्यंत चालला.

श्रोतेहो, प्रत्येक यंत्र घरी दुरुस्त होतं, असं मी म्हणणार नाही. संगणकाच्या वीजपुरवठ्याचा बंद डबा आणि जुन्या काचेच्या नळीचा मॉनिटर नवशिक्यानं उघडूच नये. प्लग काढल्यावरही त्यांत जीवघेणा दाब साठून राहू शकतो. आजच्या बोर्डांवर तर काही भाग मोहरीएवढे असतात. तिथं भिंग आणि कसलेला हातच हवा. पण कुणी 'टाकून द्या' म्हणालं, तर टाकण्याआधी एकदा झाकण उघडून नीट बघावं. आणि जाणता माणूस 'आधी सराव करा' म्हणाला, तर मुकाट्यानं सराव करावा. यातली दुसरी गोष्ट शिकायला मला जास्त किंमत मोजावी लागली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)