गोष्ट सांगतो कोण?



आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापाशी झाले. त्यामुळे साहित्यशास्त्रातले शब्द आम्हांस गुरुमुखातून मिळाले नाहीत. ‘निवेदक’ हा शब्द तर आम्ही एका चौकशीत शिकलो.

पंचवीसएक वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमच्या सभासदाची दोन बोटे दातेरी चाकात गेली. चौकशीच्या कागदावर वाक्य आले : ‘कामगाराने चालत्या यंत्रात हात घातला.’ तो माणूस म्हणाला, ‘चाकावरची जाळी महिनाभर नव्हती. यंत्र बंद करावं तर मुकादम ओरडतो.’ घटना एक, बोटेही तीच. पण कागदातला सांगणारा कोठे दिसत नाही, म्हणून तो कागद देववाणीसारखा खरा वाटतो. आम्ही भांडलो, भरपाई मिळाली. ते वाक्य मात्र दप्तरात तसेच राहिले.

कादंबरीत याच अदृश्य माणसाला सर्वज्ञ निवेदक म्हणतात. त्याला साऱ्यांच्या मनातले कळते. तो लबाडच असतो असे नाही. पण त्याने कोणाच्या मनात डोकावले आणि कोणाला नुसते दारातून पाहिले, हे वाचकाने मोजावे.

दुसरा निवेदक ‘मी’ म्हणतो. येथे पुष्कळांची गफलत होते; ‘मी’ म्हणजे लेखकच, असे ते धरून चालतात. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली. तिच्यात बोलते यमू. लिहिणारा पुरुष, सांगणारी स्त्री! घरातल्या जाचाबद्दल हरिभाऊंनी वर्तमानपत्री लेख लिहिला असता, तर वाचकाने हुज्जत घातली असती. यमू आपलेच आयुष्य सांगू लागली म्हणजे हुज्जत कोणाशी घालणार?

माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) सांगणारा आहे धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर. तो जे पाहतो, ऐकतो, तेवढेच आपल्याला कळते. वाडी त्याला जसजशी उमगते तसतशी आपल्याला उमगते, आणि दुष्काळात ती ओस पडते तेव्हा आपणही त्याच्याबरोबर मागे उरतो. एखाद्या मेंढक्याने हीच गोष्ट सांगितली असती तर? पहिल्या पानावर मास्तर नसता, मेंढरे असती. मास्तर कदाचित दहाव्या पानावर, चेष्टेपुरता आला असता. आम्हांला ती कादंबरीही वाचायला आवडली असती.

आता आमची स्वतःची फजिती सांगतो. त्या बोटे गेलेल्या माणसाचा जबाब नव्याने लिहून देण्यास आम्हीच बसलो होतो. मोठ्या ऐटीत सुरुवात केली : ‘सदर कामगार हा दिनांक अमुक रोजी...’ त्याला वाचून दाखवले. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘भाऊ, हा सदर कोण?’