नाणें टाका आणि पाहा

इंग्लंडचा समुद्रकिनारा म्हटला म्हणजे श्रोत्यांच्या मनांत वाळू, लाटा आणि ऊन यांचें चित्र उभें राहील. परंतु ज्या कुटुंबानें तेथें ऑगस्ट महिन्यांतील सुटीचे दोन दिवस काढले असतील, त्याला त्या चित्रांत पाऊसही घालावा लागेल. सकाळीं मुलांनीं वाळूचा किल्ला बांधावा, दुपारीं ढग भरून यावे आणि साऱ्यांनीं ओले टॉवेल सांवरीत जवळच्या छपराखालीं धांव घ्यावी, हा तेथील नेहमींचा अनुभव. हें छप्पर बहुधा एखाद्या लहानशा ‘आर्केड’चें असतें. आर्केड म्हणजे नाण्यावर चालणाऱ्या करमणुकीच्या यंत्रांचें दालन. आंत शिरतांच घंट्यांचा किणकिणाट, नाण्यांचा खणखणाट आणि मुलांचा गलबला कानीं येतो. एखाद्या मोठ्या जत्रेंतील गर्दीची आठवण व्हावी, असा तो थाट असतो.

या दालनांत कुटुंबाला दोन तऱ्हेचीं यंत्रें भेटतात. दोन्हींच्या तोंडांत नाणेंच पडतें. परंतु त्या नाण्याच्या बदल्यांत काय मिळतें, हा भेद मोठा आहे.

पहिली तऱ्हा जुनी. आगगाडी आली, १८७१ च्या कायद्यानें बँकांच्या सुट्या ठरल्या, आणि गिरण्या-कारखान्यांतील कामकरी कुटुंबें एका दिवसापुरतीं कां होईना, समुद्रावर येऊं लागलीं. त्यांच्या खिशांत पेनी असे. एका शिलिंगाच्या बारा आणि एका पौंडाच्या दोनशें चाळीस अशी ही पेनी. आकारानें जवळजवळ चांदीच्या जुन्या रुपयाएवढी. ती फटींतून आंत टाकली कीं तिच्या वजनानें तरफ खालीं जाई, अडकवून ठेवलेलें चक्र मोकळें होई आणि कांचेमागील इवलेंसें जग हालूं लागे. स्मशानांतील थडगीं उघडत आणि भुतें वर डोकावत. तुरुंगाचा दरवाजा उघडून आंतील कैदी दिसे. मिनिटभरानें सारें पुन्हां स्तब्ध.

अमेरिकेंत १८९० नंतरच्या दशकांत निघालेलें ‘म्यूटोस्कोप’ हें असेंच एक यंत्र. त्यांत शेंकडों छायाचित्रें एका चाकावर ओळीनें बसविलेलीं असत. हातानें दांडा फिरविला कीं एकामागून एक चित्र डोळ्यांपुढून फडफडत जाई आणि माणसें चालूं-बोलूं लागल्याचा भास होई. दांडा हळू फिरविला तर चित्र मंद, थांबविला तर चित्र स्थिर. पाहणाराच त्या खेळाचा सूत्रधार. या यंत्रांत जिंकणें नाहीं आणि हरणेंही नाहीं. पेनी दिली, गंमत पाहिली, व्यवहार पुरा झाला.

दुसरी तऱ्हा आज अधिक दिसते. कांचेच्या पेटींत एकावर एक अशा फळ्या असून त्यांवर नाण्यांची रास पसरलेली असते. एक फळी अखंड मागें-पुढें सरकत राहते. वरून टाकलेलें नाणें राशींत पडतें, राशीला धक्का बसतो आणि काठावरचीं नाणीं खालीं पडलीं तर तीं खेळणाऱ्याचीं. काठावर इतकीं नाणीं लोंबत असतात कीं पुढचें एकच नाणें साऱ्यांना खालीं आणील, असें कोणालाही वाटावें. परंतु तीं पडतां पडत नाहींत. आणि जीं पडतात त्यांपैकीं कांहीं बाजूच्या फटींतून मालकाच्या पेटींत जातात, हें मुलाला दिसत नाहीं. शेजारीं लोखंडी पंजानें मऊ बाहुलीं उचलण्याचें यंत्र असतें. पुष्कळ यंत्रांत त्या पंजाची पकड घट्ट वा सैल करण्याची सोय मालकाच्या हातीं असते. खेळणारा आपलें कौशल्य पणाला लावतो. परंतु तेथें केवळ कौशल्यानें सारें ठरत नाहीं.

ब्रिटनमध्यें या यंत्रांना मुलांची मनाई नाहीं. जुगारासंबंधींच्या २००५ च्या कायद्यानें अल्प पणाच्या अशा यंत्रांना वयाची अट घातली नाहीं. म्हणून जो निर्णय कायद्यानें घेतला नाहीं, तो आईबापांवर येऊन पडतो. आठ वर्षांच्या मुलाच्या हातीं एक पौंड, म्हणजे दोन पेन्सचीं पन्नास नाणीं दिलीं, तर आरंभीं तो राजा असतो. दहा नाणीं जातात, सहा परत येतात. परत आलेलीं सहा त्याला कमाई वाटते, गेलेलीं दहा तो विसरतो. अखेरचें नाणें संपतें तेव्हां काठावरची रास तशीच लोंबत असते, आणि मूल वळून म्हणतें, “आणखी एकदांच!” साऱ्या दुपारचा खरा प्रश्न या दोन शब्दांत आहे. तेथें रागावलें तर मुलाला अन्याय वाटतो. नाणें दिलें तर आशेला किंमत नसते असा धडा मिळतो.

या पेंचांतून वाट कशी निघते, तें सफोक परगण्यांतील साउथवोल्ड येथें पाहावें. तेथील धक्का १९०० सालीं बोटींसाठीं बांधला गेला. वादळांनीं आणि दुसऱ्या महायुद्धानें त्याचे लचके तोडले. पुढें त्याची पुनर्बांधणी होऊन २००१ सालीं तो पुन्हां खुला झाला. त्याच धक्क्यावर टिम हंकिन या इंजिनियर-व्यंगचित्रकारानें स्वतः बनविलेल्या यंत्रांचें एक चिमुकलें दालन मांडलें. त्याच्या एका यंत्रांत रबरी हातमोजे गिऱ्हाइकाची झडती घेतात. दुसऱ्यांत सरकत्या पट्ट्यावर चालत भाड्याचा कुत्रा फिरवावयाचा असतो. तिसऱ्यांत डोकें वर काढणाऱ्या बँकवाल्यांना हातोड्यानें ठोकावयाचें असतें. येथें पैसा लागतो, पण जुन्या पेनीप्रमाणेंच त्याचा मोबदला लगेच मिळतो. शिवाय एक जण खेळतो आणि भोंवतालचे दहा जण हंसतात. नाणी ढकलणाऱ्या यंत्रापुढें प्रत्येकजण आपल्याच राशीकडे टक लावून एकटा उभा असतो. येथें मात्र आजोबांची झडती पाहून नातवंडें लोटपोट होतात, आणि आजोबाही.

यावरून दुसऱ्या तऱ्हेचें यंत्र वर्ज्य मानावें, असें नव्हे. पावसाळी दुपारीं पन्नास नाण्यांचा खणखणाट ही देखील एक गंमतच आहे. मात्र ती गंमत विकत घेतली, असें समजून घ्यावी. शहाणीं कुटुंबें दाराशींच रक्कम ठरवितात, ती मुलांच्या हातीं सुटीं नाणीं करून देतात, आणि जें परत येईल तें खिशांत न घालतां संपेपर्यंत खेळूं देतात. रिकामा हात मुलाला स्वतःच्या डोळ्यांनीं पाहूं द्यावा. तेवढा हिशेब त्याला कोणत्याही उपदेशाहून लौकर समजतो. त्यानंतर पाऊस थांबला असेल, तर वाळूवरचा किल्ला पुन्हां बांधावयाचा उरलेलाच असतो, आणि त्याला नाणें लागत नाहीं.