स्ट्रायपरची पहिली ध्वनिमुद्रिका

एखाद्या वाद्यवृंदाचे मोल त्याच्या सर्वांत सफाईदार ध्वनिमुद्रिकेवरून ठरविण्याची आपल्याला सवय आहे. कॅलिफोर्नियातील स्ट्रायपर या ख्रिस्ती हेवी मेटल वृंदाच्या बाबतीत ती मला मान्य नाही. १९८६ साली निघालेल्या 'टू हेल विथ द डेव्हिल' या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या दहा लाखांहून अधिक प्रती अमेरिकेत खपल्या. तरी मी पुन्हा पुन्हा वळतो तो १९८४ च्या 'द यलो अँड ब्लॅक अटॅक' या सहा गाण्यांच्या संचाकडेच.

त्याचा नाद ओबडधोबड आहे. गिटारींना धार आहे, गोलाई नाही. मायकेल स्वीट यांचा उंच स्वर भाऊ रॉबर्ट यांच्या ड्रमच्या गदारोळातून वाट काढीत जातो. हेच तरुण पूर्वी रॉक्स रेजीम या नावाने ऐहिक गाणी वाजवीत. श्रद्धेचा निश्चय नवा होता, आणि नवा निश्चय नेहमीच काहीसा मोठ्याने बोलतो. नवे नाव त्यांनी यशयाच्या ५३ व्या अध्यायातील पाचव्या वचनाशी जोडले. अंगावरचे पिवळे-काळे पट्टे म्हणजे त्या वचनातील फटक्यांचे वळ. मेटलचे रसिक त्यांना हसले, तर काही धर्मोपदेशकांना तो गोंगाटच सैतानी वाटला. दोघांनाही न जुमानता ते मंचावरून श्रोत्यांत बायबलच्या प्रती फेकीत. त्या धाडसाचा कंप मला या सहा गाण्यांत ऐकू येतो. पुढच्या सफाईत तो विरळ झाला.

१९८६ मध्ये दोन गाण्यांची भर घालून हा संच पुन्हा काढण्यात आला. ती गाणी वाईट नाहीत. मी मात्र सहाव्यापाशी थांबतो.