किडनीच्या फाईलमध्ये नसलेली तपासणी

(महिला आरोग्य शिबिरातील भाषण)



रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम करताना भेटलेल्या एका बाईंबद्दल सांगते. आईने दिलेल्या किडनीवर त्या सहा वर्षं नीट जगत होत्या. दर खेपेला क्रिएटिनिन, शुगर, बीपी तपासलं जायचं. संबंधानंतर रक्त जातं, हे मात्र त्यांनी वर्षभर कुणालाच सांगितलं नाही. ‘किडनीच्या डॉक्टरांना असलं कसं सांगायचं?’ डॉक्टरांनीही विचारलं नाही. निदान झालं तेव्हा गर्भाशयमुखाचा कॅन्सर पसरलेला होता.

असं का होतं? शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड अशी औषधं कायम घ्यावी लागतात. ती प्रतिकारशक्ती दाबतात. मग विषाणूंवरचा पहाराही ढिला पडतो. एपस्टाइन-बार विषाणूमुळे लिम्फोमा, हिपॅटायटिस बी आणि सीमुळे यकृताचा, तर एचपीव्हीमुळे गर्भाशयमुखाचा, योनीचा आणि गुदद्वाराचा कॅन्सर होऊ शकतो. एरवी बहुतेकींचं शरीर एचपीव्हीला एक-दोन वर्षांत घालवतं. या औषधांमुळे तो ठाण मांडून बसू शकतो.

म्हणून घाबरून औषधं बंद करायची का? मुळीच नाही, किडनी जाईल. हा कॅन्सर व्हायला सहसा काही वर्षं लागतात, आणि त्याआधीचे बदल तपासणीत सापडतात. आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. मग प्रत्यारोपण झालेल्या बाईची तपासणी का राहावी?

आपल्या देशात किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. ज्या थोड्या बायकांना किडनी मिळते, त्यांच्या फाईलमध्ये गर्भाशयमुखासाठी एक ओळही नसावी?

तेव्हा आपणच विचारू या. प्रत्यारोपणाआधी आणि नंतर नियमित एचपीव्ही किंवा पॅप तपासणी मागू या. लस शक्यतो प्रत्यारोपणाआधी घ्यावी. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने नंतरही घेता येते. आणि तपासणीत एचपीव्ही निघाला, तर घरात कुणाच्या चारित्र्याचा पंचनामा नको. तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो.

त्या बाई शेवटी मला म्हणाल्या, ‘आईची किडनी अजून चांगली चालते हो.’ त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या बाईसाठी ते आपल्याकडे असायला हवं.